आईला कोयना दाखवून आणली (लांबलंय, सवडीनं वाचा)

आयर्विनपूल

दसऱ्यानंतरच्या रविवारी कोयनानगरला जाऊन आलो. मी, बायको, दोन पोरं आणि आई. आई ७१ वर्षांची, गुडघे बोलतात, पण गाडीत पुढच्या सीटवर बसवलं की तक्रार नाही.

आमच्या घरात कोयना म्हणजे धरण नव्हे, आकडा. सांगलीत गावभागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. जुलै लागला की आई स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या रोजच्या चौकटीत पेन्सिलीनं तीन ओळी लिहिते. 'को.' म्हणजे कोयनेतला साठा, टीएमसीत. 'वि.' म्हणजे विसर्ग, क्युसेकमध्ये. 'आ.' म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची पातळी, फुटात. दूध आलं नाही, सिलिंडर लावला, हेही त्याच चौकटीत. ऑगस्टच्या पानावर मुंगीला चालायला जागा नसते. आ. ४० ला टेकला, म्हणजे इशारा पातळी आली, की ती धान्याचे डबे माळ्यावर चढवायला लावते. ४५ म्हणजे धोका पातळी, तिची वाट ती बघत नाही. २०१९ ला आम्ही बघितली होती. देवघराच्या कोनाड्याच्या वर वीतभर अंतरावर त्याची तपकिरी रेघ आहे. तीनदा रंग दिला, दर पावसाळ्यात परत उमटते.

तर सहलीचा विषय निघाला. थोरल्याला महाबळेश्वर, धाकटीला वॉटरपार्क. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "मला ते कोयनेचं धरण बघायचंय. इतकी वर्षं नाव घेतीय, तोंड तरी बघू दे." विषय संपला.

सकाळी सहाला निघालो. आष्टा, पेठ नाका, तिथनं हायवेनं कराड. प्रीतिसंगमावर अर्धा तास थांबलो. यशवंतरावांच्या समाधीला हात जोडले आणि कठड्याशी उभं राहून पोरांना दाखवलं, ही इकडून कृष्णा, ती समोरून कोयना. दोघी महाबळेश्वरच्याच, वेगवेगळ्या वाटांनी येऊन इथं समोरासमोर भेटतात आणि काटकोनात वळून एकत्र पुढं जातात. धाकटी म्हणाली, "मग आपल्याकडं येते तिला नुसती कृष्णा का म्हणायचं?" उत्तर नव्हतं, भडंग काढून दिलं.

कराड ते पाटण रस्त्याबद्दल मी लिहीत नाही. आईचे गुडघे आणि गाडीचे शॉकअप, दोघांना लिहिता येत असतं तर त्यांनी लिहिलं असतं. पाटण सोडलं की मात्र डोंगर जवळ येतात, भाताची खाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, आणि हवा एकदम बदलते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. धरणाच्या भिंतीवर असंच उठून जाता येत नाही. सुरक्षेचं कारण आहे, परवानगी लागते. आम्हाला माहीत होतं, पोरांना सांगायचं राहिलं होतं, त्यामुळे पंधरा मिनिटं गाडीत सुतक. मग नेहरू उद्यानात गेलो. टेकडीवर आहे, बाग नीट ठेवलीय, आणि तिथून भिंत समोर दिसते.

आई बाकावर बसली. चष्मा पुसला, परत लावला. सहाही दरवाजे बंद. खाली पात्रात पायथ्याच्या वीजगृहातून सोडलेलं पाणी तेवढं वाहत होतं, स्वच्छ, हिरवट, अगदी शहाण्यासारखं.

"एवढंच?" आई म्हणाली.

मी सांगितलं, भिंत १०३ मीटर उंच आहे, म्हणजे ३३८ फूट. आयर्विन फुटात मोजणाऱ्या बाईला तो आकडा लागला. मग तिनं दरवाजे मोजले. "सहाच? आणि पेपरात येतं ते दीड फूट उचलले म्हणजे किती?" मी हातानं दाखवलं. तिनं माझा हात बाजूला करून बाकाच्या फळीपासून जमिनीपर्यंत आपल्या वितीनं मोजलं. बाक साधारण तेवढाच भरला. ती त्या बाकाकडं बघत राहिली. "एवढ्या फटीतनं आमचं कपाट गेलं?"

मला त्यावर काही सांगता आलं नाही. जाणकारांनी सांगावं, घरी वाचून दाखवणार आहे.

बाकी नवज्याचा ओझर्डे धबधबा बघितला, अजून चांगला चालू होता. पायऱ्या चढायच्या आहेत, आई खालीच चहाच्या टपरीवर बसली आणि टपरीवाल्या मावशींकडून नाचणीच्या भाकरीची कृती घेऊन आली.

कऱ्हाडी_मिसळ

छान लिहिलंय. एवढं कराडवरून गेलात आणि अख्खा मसूर न खाता? माफी नाही.

आयर्विनपूल

परत येताना खाल्ला हो, रात्री. लिहायचं राहिलं. पोरं रोट्या मोजत होती, आठ झाल्यावर मी थांबवलं.

निवृत्त_ओव्हरसियर

आईंचा प्रश्न बरोबर आहे आणि तो विचारणारे थोडे असतात. मी पाटबंधारेत होतो, कोयनेवर नाही, पण हिशेब सगळीकडं एकच.

दीड फुटाची फट बारीक वाटते कारण आपण ती घराच्या दारासारखी बघतो. पण दारामागं पाणी उभं असतं, वरच्या पाण्याचा दाब असतो. त्यामुळे फटीतनं पाणी पडत नाही, सुटतं. शिवाय दार रुंद, आणि अशी सहा दारं. दिवसरात्र.

आता आकडे. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की ११,५७४ येतं. म्हणजे ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालला की धरणातलं एक टीएमसी गेलं. आईंना सांगा, वि. च्या आकड्याला साडेअकरा हजारानं भागायचं, रोज किती टीएमसी खाली आलं ते घरबसल्या कळतं. ५०,००० असेल तर दिवसाला सव्वाचार टीएमसीच्या वर.

पायथा वीजगृह पूर्ण चाललं की २,१०० क्युसेक, पेपरात नेहमी येतो तोच आकडा. त्या हिशेबानं १०५.२५ टीएमसीचं भरलेलं धरण रिकामं व्हायला दीड वर्षाहून जास्त लागेल. आई म्हणाल्या "एवढंच?", ते खरंच एवढंच असतं.

शेरीनाला

हिशेब झकास, पण ओव्हरसियरसाहेब, मूळ मुद्दा सोडू नका. जुलैतच धरण काठोकाठ भरायचं आणि ऑगस्टात दारं उघडायची, हे दरवर्षीचं आहे. आधीच थोडं थोडं सोडा ना. आमच्या दुकानात २००५ ला पाणी, २०१९ ला पाणी, २०२१ ला पाणी. मी दुकानात फर्निचर करायचं सोडलं, आता लोखंडी रॅक आणि प्लास्टिकची खोकी.

निवृत्त_ओव्हरसियर

शेरीनाला, तुमचा राग खरा आहे, त्यावर वाद नाही. पण धरणाची दोन कामं एकमेकांच्या उलटी आहेत. पूर अडवायचा तर रिकामी जागा हवी. वीज, शेती आणि उन्हाळ्यातलं पिण्याचं पाणी हवं तर पावसाळा संपताना ते भरलेलं हवं. पाऊस आधी विचारून येत नाही. महिन्याला किती पातळी ठेवायची याचं वेळापत्रक असतं. ते पाळलं जातं का, कसं पाळावं, यावर भांडायला जागा आहे आणि भांडलंच पाहिजे. पण "आधीच सोडलं असतं आणि मग पाऊस आलाच नसता तर" हे वाक्य दार उचलणाऱ्याच्या डोक्यावर टांगलेलं असतं.

दुसरं. सांगलीत येतं ते सगळं कोयनेचं नसतं. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी ही धरणं आहेत, शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडतो तो कुठंच अडत नाही, थेट नदीत. आणि आईंच्या कॅलेंडरात एक ओळ कमी आहे असं मला वाटतं. वारणा. ती हरिपूरला, म्हणजे सांगलीच्या अगदी तोंडाशी कृष्णेला मिळते. वारणा फुगली की कृष्णेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागं थोपतं. पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा, तिथंही तसंच. म्हणून कधी कधी कोयनेचा विसर्ग कमी होऊनही आयर्विनची पातळी उतरत नाही, आणि लोक म्हणतात आकडे खोटे सांगतात.

शेरीनाला

आणि अलमट्टी, खालचं कर्नाटकातलं धरण? ती कुणी काढायची?

निवृत्त_ओव्हरसियर

अलमट्टीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथं येतो. इथं घुसली तर आईंची सहल वाहून जाईल.

शेरीनाला

बरं 😄 पण मी विसरणार नाही.

चिपळूणकरीण

तुम्ही सगळे पूर्वेकडचे! कोयनेचं बरंचसं पाणी तुमच्याकडं येतच नाही हो, आमच्याकडं येतं. कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पश्चिमेला वळवायची मुभा दिलीय. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून ते पोफळीला भूमिगत वीजगृहात उतरतं, मग कोळकेवाडी धरणात अडवून अलोऱ्याला त्याच पाण्यावर परत वीज, आणि शेवटी वाशिष्ठी. घाटमाथ्यावर अडवलेलं पाणी कोकणात एवढं खोल पडतं, सगळी करामत त्या पडण्यात आहे. माझे वडील पोफळीला नोकरीला होते. वीजगृहात जायचं म्हणजे डोंगरात बोगद्यानं आत जायचं, ते घरी आले की कपड्यांना गारठ्याचा वास यायचा. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॅट, त्यातले १००० एकट्या चौथ्या टप्प्याचे.

कोयनेला गेलात की पुढं कुंभार्ली घाट उतरून या. पाऊण-एक तासात आमच्याकडं. मोदक करते.

आयर्विनपूल

मोदकाचं आईला वाचून दाखवलं. "पुढच्या वेळी तिकडनं जाऊ," असं लगेच ठरलं. पोरांना मात्र प्रश्न पडलाय. भरलेल्या धरणाच्या तळाशी बोगद्याचं तोंड उघडलं कसं? पाणी आधी काढून टाकलं होतं का?

निवृत्त_ओव्हरसियर

चौथ्या टप्प्याला काढलं नाही, तीच तर गंमत. त्याला लेक टॅपिंग म्हणतात. पिंपाला खालून भोक पाडायचं, पिंप रिकामं न करता. बोगदा खालून खोदत जलाशयाच्या तळापर्यंत आणायचा, शेवटचा खडकाचा बूच ठेवायचा, आणि मग तो सुरुंगानं उडवायचा. १३ मार्च १९९९ ला केलं, आशियात पहिल्यांदा. दुसऱ्यांदा २५ एप्रिल २०१२ ला. त्या दिवशी आमच्या ऑफिसात टीव्हीपुढं खुर्च्या कमी पडल्या होत्या. दिसलं काय? पाण्यावर एक फुगा आला आणि बसला. शेजारचा क्लार्क म्हणाला, "एवढंच?" आईंसारखंच.

पाटणखोरे

बाहेरगावच्या लोकांना धरण म्हणजे फिरायची जागा, त्यात चूक काही नाही. आम्हाला मात्र ११ डिसेंबर १९६७ आधी आठवतो. पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. आमचे आजोबा बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले होते म्हणून वाचले, घर मागं बसलं. भूकंपात पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणाला वरच्या भागात चिरा पडल्या, पण धरण उभं राहिलं, नंतर त्याची बळकटी केली. जलाशय भरला की आसपासचे हादरे वाढतात यावर तेव्हापासून जगभरातून अभ्यास चाललाय. कराडजवळ हजारमाचीला खास त्यासाठी भूगर्भाची प्रयोगशाळा आहे.

बारके धक्के अजून बसतात. आजी होती तोवर, भांडी वाजली की ती आधी घड्याळ बघायची, मग दार उघडायची. आमच्याकडं पाहुणे आले आणि रात्री मांडणीतली भांडी किणकिणली तर घाबरतात. आम्ही कूस बदलतो.

मिरज_जंक्शन

लहान पोरं आहेत, एक चार वर्षांचं. एसटीनं जमेल का? आणि जेवणाचं?

आयर्विनपूल

कराडला जाऊन तिथनं पाटण, चिपळूणकडच्या गाड्या मिळतात. पण नवजा आणि परतीची वेळ धरून चार वर्षांच्या पोराला अवघड जाईल, गाडी असेल तर बरं. सांगलीतून एका बाजूला तीन तास तरी धरा. जेवण आम्ही डब्यातलं खाल्लं. उद्यानाजवळ वडे, भजी, चहा मिळतो. आम्ही एका ठिकाणी थाळी सांगितली होती, तासाभरानं "गॅस संपला" असं कळलं. म्हणून म्हणतो, धपाटी बांधून न्या. प्लास्टिक मात्र परत घेऊन या, सगळा व्याघ्र प्रकल्पाचा पट्टा आहे आणि माकडं पिशवी ओळखतात.

तापोळ्याचा_नातू

कालपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो.

तुम्ही भिंतीच्या बाजूनं बघितलंत. मागच्या बाजूनं कुणीतरी सांगायला हवं. शिवसागर जलाशय भिंतीपासून उत्तरेला वर तापोळा, बामणोलीपर्यंत पसरलाय. साताऱ्याहून कास ओलांडून खाली उतरलं की बामणोली. आता तिथं बोटी आहेत, पावसाळा संपला की वासोट्याला जाणारी पोरं असतात, तंबू असतात. आमचं मूळ गाव त्या पाण्याखाली आहे. आजोबा सांगायचे, नोटीस आली तेव्हा कुणाला खरं वाटलं नाही, एवढं पाणी येईलच कसं? मग एका पावसाळ्यात खाचर गेलं, पुढच्या वर्षी वाट गेली. पुनर्वसनात काही रायगड, ठाण्याकडं गेले, काही इकडंच वर डोंगराला चिकटून राहिले. आम्ही चिकटलेल्यांपैकी. वीज आमच्याच पाण्याची, आमच्या वाडीत दिवा मात्र फार उशिरा लागला. बाजाराला, दवाखान्याला लाँचनं जायचं.

मे महिन्यात पाणी उतरलं की जुने बांध उघडे पडतात. आजोबा मला एकदा घेऊन गेले होते. गाळ वाळून भेगाळलेला, त्यात एका ठिकाणी थांबले आणि पायानं माती सारली. खाली जात्याची पाळ होती, अर्धी. म्हणाले, "ही तुझ्या पणजीची." घरी आणू म्हटलं तर नको म्हणाले. "जूनला पाणी येईल तेव्हा तिला जागा सापडली पाहिजे." मला तेव्हा कळलं नाही, अजूनही पुरतं कळलेलं नाही.

आयर्विनपूल, तुमच्या आईंना पुढच्या खेपेला बामणोलीला आणा. बोटीत चढायला फळी असते, मी हात धरीन.

शेरीनाला

तापोळ्याचा_नातू, आम्ही इकडं पाणी आलं म्हणून बोंबलतो. तुमच्याकडं आलं ते गेलंच नाही.

कऱ्हाडी_मिसळ

🙏

चिपळूणकरीण

आणि आम्ही मोदकांवर होतो. वडिलांच्या नोकरीवर आमचं सगळं घर उभं राहिलं, या बाजूची माणसं कोण होती ते त्यांनी कधी सांगितलं नाही. कदाचित मी विचारलंच नाही.

आयर्विनपूल

काल रात्री जेवणं झाल्यावर आईला सगळा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. दीड फुटाचा खुलासा तिला पटला. "दारामागं पाणी उभं असतं," हे वाक्य तिनं परत म्हणायला लावलं. साडेअकरा हजारानं भागायचं तिनं लगेच करून बघितलं. मागच्या ऑगस्टचं कॅलेंडर तिनं टाकलेलं नाही, माळ्यावरून काढायला लावलं. थोरल्याला कॅल्क्युलेटर घेऊन बसवला आणि एकेका चौकटीचा हिशेब चालला. तो अकरा वाजता झोपला, ती बसली होती.

जात्याचं वाचलं तेव्हा काही बोलली नाही. उठून देवघरातला दिवा बघून आली. मग म्हणाली, "त्या पोराला लिही, मे महिन्यात येते म्हणावं. बोट नको, पाणी उतरल्यावर चालत जाऊ." गुडघ्यांचं काय, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

गेलो त्या रविवारच्या चौकटीत तिनं काय लिहिलंय ते आज सकाळी बघितलं. 'को. पाहिले.' आणि खाली 'दूध अर्धा लि. जास्त.'

ओव्हरसियरसाहेब, तिचा तुम्हाला निरोप आहे. वारणेचा आकडा कुठं मिळतो? चौकटीत चौथी ओळ बसवायचीय.

निवृत्त_ओव्हरसियर

वारणेवरच्या चांदोली धरणाचा साठा आणि विसर्ग पेपरात कोयनेच्या जवळपासच असतो. पूर्ण साठा ३४.४० टीएमसी, तो कॅलेंडरच्या पहिल्या पानावर एकदाच लिहून ठेवायचा. पेन्सिल बारीक टोकाची घ्या म्हणावं.